पशुवैद्यकाच्या शेजारी एक माणूस हवा

सरकारी रुग्णालयात माणूस दगावला की पुढची कामं आधीच वाटून दिलेली असतात. डॉक्टर नातेवाइकांना सांगतात, सिस्टर नळ्या काढतात, वॉर्डबॉय मृतदेह हलवतो, क्लार्क कागद करतो. आणि व्हरांड्यात मटकन खाली बसलेल्या बाईजवळ जाऊन, गावी फोन कुणाला लावायचा, गाडीभाड्याचे पैसे आहेत का, लहान पोर कुणापाशी ठेवून आलात, हे विचारायलाही एक माणूस असतो. सरकारी आस्थापनेवर त्या पदाचं नाव समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय). माझी सगळी नोकरी या पदावर झाली. बेवारस रुग्णाचं गाव शोधणं, योजनेची फाइल हलवणं, ऑपरेशनला सही न देणाऱ्या सासऱ्याची समजूत काढणं, आणि पुष्कळदा नुसतं शेजारी बसणं, हे आमचं काम.

गोठ्यात जनावर दगावतं तेव्हा ही सगळी कामं एकाच माणसाच्या वाट्याला येतात. ज्याने उपचार केले त्यालाच गाय गेल्याचं सांगावं लागतं. शवविच्छेदन त्यानेच करायचं, विम्याचा दाखला त्यानेच द्यायचा, घरच्यांचा राग त्यानेच झेलायचा आणि हात धुऊन पुढच्या गावाला जायचं, कारण तिथे एक म्हैस अडलेली असते. माझा धाकटा भाऊ सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्यात पशुधन विकास अधिकारी आहे. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून तो बाहेर पडला, तेव्हापासून मी हे जवळून पाहते आहे. पशुवैद्यकाला समाजकार्याची जोड मिळाली पाहिजे, हे माझं म्हणणं त्या पाहण्यातून आलेलं आहे.

एका दिवाळीत मी त्याच्याकडे होते. रात्री जेवणं होता होता फोन आला. व्यायलेली संकरित गाय बसली होती, उठत नव्हती. वस्ती लांब होती, त्याचा मदतनीस सुट्टीवर होता, म्हणून बॅटरी धरायला मी गेले. गोठ्यात गाय मान पोटाकडे वळवून पडलेली, कान गार, नाकपुडी कोरडी. दुधाचा ताप. नाव ताप असलं तरी अंग थंड पडतं. व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम दुधात उतरतं आणि स्नायूंना काही उरत नाही. उपाय ठरलेला आहे: शिरेतून कॅल्शियम. भावाने बाटली कोमट पाण्यात धरली, मानेची शीर दाबून सुई घातली आणि एका हाताने बाटली उंच धरून दुसऱ्या हाताने स्टेथोस्कोप गाईच्या छातीला लावला. ते औषध भराभर गेलं तर हृदय थांबतं, म्हणून ठोके ऐकत ऐकत थेंबाथेंबाने सोडावं लागतं. बहुतेक वेळा गुण इतका लवकर येतो की बघणाऱ्याला खरं वाटत नाही. गाय थरथरते, ढेकर देते, शेण टाकते आणि अर्ध्या-पाऊण तासात उठून उभी राहते. कधी मात्र हृदय आधीच इतकं दमलेलं असतं की कितीही सावकाश दिलं तरी ते साथ सोडतं. त्या रात्री तसं झालं. बाटली अर्ध्याच्या खाली गेली असेल, भावाने घाईघाईने नळी दाबून धरली, छातीवर कान लावला. गाईने पाय ताणले आणि संपलं.

गोठ्यात तोवर दहा-पंधरा माणसं जमली होती. कुणीतरी म्हणालं, "डॉक्टरनं सुई दिली आन् गाय गेली." दुसऱ्याने मोबाइल वर केला. भाऊ शांतपणे समजावत होता: ठोके कसे पडत होते, वेळ किती झाला होता. कुणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. गाय लाखाच्या घरातली, बँकेचं कर्ज काढून घेतलेली, आणि डेअरीच्या पंधरवड्याच्या पगारावर घर चालणारं. त्यांचा राग मला समजत होता. पण माझं लक्ष दुसरीकडे गेलं, ती माझ्या कामाची सवय. घरची बाई गव्हाणीजवळ उभी होती, वासराच्या गळ्यातली दोरी हातात घट्ट धरून. मी जवळ गेले तर ती पुटपुटली, "सकाळी सगळी धार काढली व्हती मी. बाकी न्हाई ठिवली." ताज्या व्यायलेल्या दुधाळ गाईची कास पहिल्या दिवशी पूर्ण रिकामी करू नये, असं डॉक्टर सांगतात. तिने ते कधीतरी ऐकलं असावं. माणसं डॉक्टरला दोष देत होती आणि ही बाई मनातल्या मनात स्वतःला. ते कुणाच्याच कानावर गेलं नव्हतं.

मी तिला बाजूला घेऊन बसले. नुसत्या एका धारेने गाय जात नाही, हे भावाकडून तिच्यासमोर वदवून घेतलं. डेअरीतून उचल किती घेतली आहे, हप्ता कधीचा, घरात आणखी दूध देणारं जनावर आहे का, हे विचारत गेले. ती बोलू लागली तसा तिचा नवराही जवळ येऊन बसला. मोबाइल धरलेला पोरगा तिचाच पुतण्या होता, त्याला तिनेच गप्प केलं. मी काही विशेष केलं नाही. रुग्णालयात आम्ही रोज जे करायचो तेच केलं. फरक इतकाच की रुग्णालयात त्यासाठी पद होतं आणि त्या गोठ्यात मी केवळ योगायोगाने होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ पुन्हा त्याच वस्तीवर गेला. विमा होता, म्हणून शवविच्छेदन करावं लागलं. रात्री जिच्या छातीला कान लावला तिचंच पोट उघडायचं, घरच्यांच्या देखत, बांधावर. कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक दिसेल असा फोटो घ्यायचा, कारण विमा कंपन्यांचा नियमच आहे: टॅग नाही तर क्लेम नाही. पंच गोळा करायचे, सह्या घ्यायच्या. माणसांच्या रुग्णालयात उपचार करणारे डॉक्टर आणि शवविच्छेदन करणारे डॉक्टर सहसा वेगळे असतात. गावात पशुवैद्यकाला ही सोय नाही.

पशुवैद्यकांच्या मनःस्वास्थ्याचा विषय निघाला की पाश्चात्त्य देशांतले आकडे पुढे येतात, आणि ते गंभीर आहेत. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेच्या संशोधकांनी 1979 ते 2015 या काळातल्या पशुवैद्यकांच्या मृत्यूंची नोंद तपासली आणि 2019 मध्ये निष्कर्ष मांडले. सर्वसाधारण लोकसंख्येशी तुलना करता तिथल्या पुरुष पशुवैद्यकांत आत्महत्येचं प्रमाण 2.1 पट आणि स्त्री पशुवैद्यकांत 3.5 पट आढळलं. ब्रिटनमध्येही पशुवैद्यकांसाठी स्वतंत्र मदतवाहिनी चालवावी लागते. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात आत्महत्यांची व्यवसायानुसार वर्गवारी असते, शेतकरी, रोजंदार, विद्यार्थी, गृहिणी अशी. पशुवैद्यक तिथे कुठल्यातरी मोठ्या रकान्यात विरघळून जातात. मोजदादच नाही म्हणून प्रश्न नाही, असं समजण्याचा धोका त्यातून निर्माण होतो.

पण तिकडची कारणं जशीच्या तशी इथे लावू नयेत, असंही मला वाटतं. तिकडे पशुवैद्यकाच्या मनावरचं एक मोठं ओझं दयामरणाचं असतं. बरं होऊ शकणारं जनावरही मालकाला खर्च झेपत नाही म्हणून झोपवावं लागतं. आपल्याकडे गावातल्या पशुवैद्यकाचं ओझं बरोबर उलटं आहे. पाठीचा कणा मोडलेली गाय आठ-आठ दिवस पडून राहते, अंगाला जखमा होतात, त्यात किडे पडतात, आणि डॉक्टर रोज जाऊन मलमपट्टी करतो. 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या तेराव्या कलमात असाध्य यातनेतल्या जनावराला मुक्त करण्याची तरतूद आहे. तरीही गाईच्या बाबतीत घरच्यांची श्रद्धा, गावातली माणसं, 1976 चा महाराष्ट्राचा प्राणिरक्षण कायदा आणि 2015 नंतर तो आणखी कडक झाल्याचं भान, हे सगळं एकत्र आलं की तसा दाखला लिहायला कुणी धजत नाही. इथे मला कुणाच्या श्रद्धेबद्दल किंवा कायद्याबद्दल वाद घालायचा नाही. मला सांगायचं आहे ते त्या डॉक्टरबद्दल, ज्याला दुखणं थांबवता येत नाही हे ठाऊक असूनही रोज तिथे जाऊन उभं राहावं लागतं.

2022 च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातल्या चिनावलला लम्पी चर्मरोग दिसला आणि पाहता पाहता राज्यभर पसरला. त्या काळात पशुवैद्यक, पर्यवेक्षक, परिचर, महाविद्यालयांतली आंतरवासिता करणारी मुलं-मुली, सगळे लसीकरणाला जुंपले होते. शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना टोचली गेली. काही महिन्यांत एक कोटीहून अधिक गोवंशाचं लसीकरण राज्याने केलं. ही कामगिरी मोठी आहे आणि तिचं पुरेसं कौतुक झालेलं नाही. पण त्याच दिवसांत दुसरंही काम चालू होतं. अंगभर गाठी उठलेल्या, पायांना सूज येऊन उभं राहता न येणाऱ्या गाईंवर उपचार करायचे. मेलेल्या जनावराचा पंचनामा करायचा, खड्डा खोल आहे का, चुना टाकला का, हे पाहायचं. शासनाने नुकसानभरपाई दिली: दुधाळ जनावराला 30 हजार, ओढकाम करणाऱ्या बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार. ती मिळायला आधार होता पशुवैद्यकाच्या दाखल्याचा. म्हणजे ज्या शेतकऱ्याचा खिलार बैल गेला, त्याच्या दुःखाची किंमत ठरवणारा कागदही डॉक्टरच्याच हातात. खिलार जोडी ज्याने वासरापासून वाढवली आहे, त्याला 25 हजारांचा आकडा सांगताना तोंडातून शब्द कसा निघत असेल?

भाऊ त्या काळात थकला होता, पण थकवा दिसतो आणि विश्रांतीने जातो. मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीने. तो केस सांगायचा थांबला. पूर्वी फोनवर हमखास सांगायचा: म्हैस आडवं रेडकू घेऊन कशी अडली होती, हात किती आत घालावा लागला, रेडकू जिवंत निघालं तेव्हा म्हाताऱ्याने आपलंच मुंडासं सोडून ते कसं पुसलं. लम्पीनंतर फोनवर नुसतं "चाललंय" एवढंच. रुग्णालयात मी असे तरुण डॉक्टर पाहिले आहेत. ते वेळेवर येतात, काम चोख करतात, आणि सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही उरत नाही. आमच्या कामात हे धोक्याचं लक्षण मानतात. त्याच्या बायकोला मी विचारलं तेव्हा कळलं की रात्री झोपेत तो दचकून उठतो आणि फोन वाजला का विचारतो.

शरीराचं भयही या कामात मनाला चिकटून येतं. म्हैस लाळ गाळते, घास गिळत नाही, हंबरते. मालक सांगतो, घशात काहीतरी अडकलंय, बघा. डॉक्टर तोंडात हात घालतो. दोन-तीन दिवसांनी म्हैस मरते आणि कळतं की तिला पंधरा-वीस दिवसांपूर्वी पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. मग लसीची इंजेक्शनं, आणि त्यापेक्षा जास्त म्हणजे घरातलं मौन. गर्भपात झालेल्या गाईची वार काढताना ब्रुसेलाची लागण होते, त्यात महिनोन्महिने ताप येत-जात राहतो, सांधे दुखतात, माणूस खचतो. घरच्यांना वाटतं, आळशी झाला.

शहरातल्या पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यांची गोष्ट वेगळी असली तरी हलकी नाही. पुण्या-मुंबईतल्या अशा दवाखान्यांत आता तरुण मुली मोठ्या संख्येने काम करतात. मूत्रपिंड निकामी झालेल्या लॅब्रेडॉरला रोज सलाइन लावायला घेऊन येणाऱ्या एकट्या आजी, ज्यांच्या घरात बोलायला दुसरं कुणी नाही. बिल बघून "तुम्हाला फक्त पैसे दिसतात" म्हणणारा मालक. रात्री सोसायटीच्या ग्रुपवर डॉक्टरचं नाव घेऊन टाकलेला मजकूर. भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाच्या केंद्रात तर एकाच डॉक्टरवर खाऊ घालणारे आणि तक्रार करणारे, दोघंही चिडलेले असतात. झोपवण्याचं इंजेक्शन दिल्यावर त्या आजींना रिक्षापर्यंत सोडायला कुणी नसतं, आणि बाहेर पुढचा नंबर थांबलेला असतो. ती मुलगी डोळे पुसते आणि पुढच्या कुत्र्याच्या पिल्लाला हसतमुखाने लस देते. अशा चार-पाच वर्षांनंतर तिने हा व्यवसाय सोडला तर दोष तिच्या मनाच्या कमकुवतपणाला देता येणार नाही.

या सगळ्यात जनावरावरच्या उपचाराचा भाग किती आणि माणसांना सांभाळण्याचा किती, हे एकदा पाहावं. कर्ज, अपराधीपणा, भांडण, श्रद्धा, एकटेपणा, भरपाईचा कागद. हे सगळं माणसांकडचं ओझं आहे आणि त्याचं शिक्षण पशुवैद्यकाला मिळालेलं नसतं. ते समाजकार्याचं क्षेत्र आहे. माणसांच्या वैद्यकाला हे शंभर वर्षांपूर्वी उमगलं. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी 1905 मध्ये समाजसेविका नेमली, कारण घरची परिस्थिती कळल्याशिवाय औषध लिहून उपयोग नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आपल्याकडे 1936 मध्ये मुंबईत टाटांची समाजकार्याची संस्था सुरू झाली आणि 1946 मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातलं पहिलं वैद्यकीय समाजसेवकाचं पद आलं. जनावरांच्या दवाखान्यापर्यंत हा विचार पोहोचायला वेळ लागला, पण तोही पोहोचला आहे. न्यूयॉर्कच्या ॲनिमल मेडिकल सेंटरमध्ये 1980 च्या दशकातच समुपदेशनासाठी समाजसेविका होती. अमेरिकेतल्याच टेनेसी विद्यापीठात 2002 मध्ये एलिझाबेथ स्ट्रँड यांनी पशुवैद्यकीय समाजकार्याचा स्वतंत्र कार्यक्रम उभा केला. प्राणी गमावल्याचं दुःख, प्राण्यांच्या साहाय्याने माणसांवरचे उपचार, घरातली हिंसा आणि जनावरांवरची हिंसा यांचा संबंध, आणि काळजी घेणाऱ्याचा थकवा व त्यातले संघर्ष, अशी कामाची चार अंगं त्यांनी आखली.

ही चारही अंगं आपल्या गावांत आजही हजर आहेत, फक्त ती कुणाच्या कामाच्या यादीत नाहीत. आमच्या रुग्णालयात गर्भाशयाच्या गाठीने रक्त जाऊन पांढऱ्याफटक पडलेल्या बाया यायच्या आणि भरती व्हायला नकार द्यायच्या. कारण विचारलं की एकच उत्तर: "म्हशीची धार कोण काढणार? ती दुसऱ्या कुणाला हात लावू दिती न्हाई." अशा वेळी आम्ही नणंदेला फोन कर, शेजारणीला बोलाव, असं करून वाट काढायचो. माणसाच्या दवाखान्यातून मला गोठा दिसत होता. जनावरांच्या दवाखान्यातून घर दिसायला कुणी बसवलेलंच नाही.

पशुसंवर्धन क्षेत्रात मनःस्वास्थ्याबद्दल काहीच होत नाही असं नाही. ताणतणाव व्यवस्थापनाची कार्यशाळा होते. एक व्याख्यान, थोडा प्राणायाम, प्रमाणपत्र आणि फोटो. घेणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण ती कार्यशाळा डॉक्टरला सांगते की तू अधिक खंबीर हो. गोठ्यातल्या रात्री त्याला खंबीरपणा कमी पडला नव्हता. तिथे एक माणूस कमी पडला होता.

यावर एक आक्षेप हमखास येईल आणि तो रास्त आहे. जिथे डॉक्टरांचीच पदं रिकामी, एका डॉक्टरकडे दोन-दोन, तीन-तीन दवाखान्यांचा कार्यभार, तिथे समाजसेवक कुठून आणायचा? 2019 च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे 3 कोटी 30 लाख पशुधन आहे. ते सांभाळणारे हात अपुरे असतील तर मनःस्वास्थ्य बिघडणारच. पदं भरणं हाच पहिला उपचार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. समाजसेवक नेमला म्हणून ती जबाबदारी टाळता येणार नाही, आणि कुणी तसं करू पाहिलं तर आम्हा समाजकार्यवाल्यांनीच आधी विरोध केला पाहिजे. पण सगळी पदं भरली तरी गाय दगावल्यानंतरचा तो तास तसाच राहतो.

आणि सुरुवात करायला नवं पद लागत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयाकडे सायकियाट्रिक सोशल वर्करचं पद आहेच. त्यांनी पंधरवड्यातला एक ठरलेला दिवस जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात बसावं. विदर्भ-मराठवाड्यात 2015 पासून शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प चालू आहे, आशाताई घरोघर जाऊन खचलेल्या शेतकऱ्याचा शोध घेतात. जनावर मेलेल्या घराची खबर सगळ्यांत आधी पशुवैद्यकाला असते, तरी ती आशाताईपर्यंत पोहोचण्याची वाट नाही. पंचनाम्याबरोबर तालुका आरोग्य अधिकाऱ्याला एक साधी सूचना जायला हवी: या घरातली दुधाची गाय गेली, कर्ज आहे, भेट द्यावी. एका गाईच्या मागे घरातला माणूस जाऊ नये, यासाठी एवढा कागद जास्त नाही.

साथीच्या वेळी याहून अधिक हवं. 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. हे काम पशुवैद्यकांनी आणि त्यांच्या हाताखालच्या माणसांनी केलं. 2021 च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला पुन्हा तीच वेळ आली. पूर किंवा अपघातानंतर बचाव पथकांना एकत्र बसवून बोलतं करण्याची पद्धत आता रुळते आहे. तसं हजारो पक्षी मारणाऱ्या पथकाला आठवड्याभरात बसवलं पाहिजे, आणि त्यात डॉक्टरइतकाच परिचरही असला पाहिजे. पोतं धरणाऱ्या परिचराच्या मनाचा विचार तर या सगळ्या चर्चेत कुठेच नसतो.

आणखी एक मुद्दा मला नोकरीतल्या अनुभवावरून ठामपणे मांडायचा आहे. हा समाजसेवक पशुसंवर्धन विभागाच्या हाताखाली असता कामा नये. सरकारी डॉक्टर मन मोकळं करत नाही, त्याचं कारण लाज एवढंच नसतं. गोपनीय अहवाल, बदली, चौकशी यांची धास्ती असते. "मला झोप येत नाही" हे वाक्य वरिष्ठाच्या टेबलावर गेलं तर त्याचा अर्थ "कामास अपात्र" असा लावला जाईल, ही भीती प्रत्येकाला असते. म्हणून समाजसेवक आरोग्य विभागाचा असावा, त्याची वही पशुसंवर्धन उपायुक्तांना मागता येऊ नये, आणि हे औंधच्या पशुसंवर्धन आयुक्तालयाने लेखी परिपत्रकाने सांगावं. तोंडी आश्वासनावर कुणी बोलणार नाही.

तोपर्यंत, ज्या पशुवैद्यकाला किंवा शेतकऱ्याला आज रात्रीच कुणाशी बोलायचं असेल त्याच्यासाठी टेलिमानसची 14416 ही निःशुल्क सेवा चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. 1962 हा जनावरांसाठीचा क्रमांक गावोगावच्या भिंतींवर दिसतो. त्याच्या खाली 14416 रंगवायला फार खर्च येणार नाही.

राहिला प्रश्न माणसांचा. समाजकार्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आठवड्यातले ठरावीक दिवस क्षेत्रकार्य सक्तीचं असतं. ते रुग्णालयात, शाळेत, कारागृहात, वस्तीत जातात. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आहे, मुंबईत टाटा आणि निर्मला निकेतन आहेत. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून उभं आहे आणि त्याच्या आवारातल्या जनावरांच्या रुग्णालयात रोज माणसांची रांग लागते. येत्या शैक्षणिक वर्षात दोन विद्यार्थी तिथे पाठवायला महाविद्यालयाचं एक पत्र आणि बाह्यरुग्ण विभागाशेजारी एक बाकडं पुरेल. शिरवळ, उदगीर, परभणी आणि नागपूरला तेच करता येईल. त्या मुलांना शिकवायला कुणी हवं असेल तर माझ्यासारखे निवृत्त समाजसेवा अधीक्षक प्रत्येक जिल्ह्यात आहेत. मी सोमवारी आणि गुरुवारी मोकळी असते.